स्लॉटेड अँगलचा घरगुती कॉम्प्युटर रॅक: दिवाळी ते पावसाळा वापरल्यावर (आणि अर्थिंगची भानगड)

या रॅकबद्दल लिहीन लिहीन म्हणत होते, शेवटी आज बसले ते अर्थिंगमुळे. जुलैत आई ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून रॅक पुसत होती, बोल्टला हात लागला आणि म्हणाली, "अगं, मुंग्या येतायत याला!" टेस्टर लावला तर मंद पेटला. वरच्या फळीपासून खालच्या पायापर्यंत जिथे उघडं लोखंड तिथे सगळीकडे पेटला. घरात आई अनवाणी, भाची रांगती, मग माझं डोकं जे फिरलं ते अजून शांत नाहीये.

आधी रॅकचं सांगते. 40 बाय 40 मिमीचा 14 गेज स्लॉटेड अँगल (ओळीने भोकं पाडलेली, काटकोनात वळवलेली लोखंडी पट्टी), पाच फूट उंच, आणि 15 बाय 36 इंची चार फळ्या. सगळं पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीतून, अँगल दुकानातच कापून मिळाले, नट-बोल्ट, कोपऱ्याच्या तिकोनी पट्ट्या आणि पायाचे रबरी बूट धरून साडेतीन हजारांच्या आत. सर्व्हरसाठी मिळतो तो तयार 19 इंची ओपन रॅक घ्यायचा तर फळ्यांचे पैसे वेगळे आणि घरात त्याचा उपयोग काय? माझ्याकडे तशा रॅकमध्ये बसणारी वस्तू एकच, नेटवर्कचा स्विच. आणि हे लक्षात ठेवा, या अँगलची भोकं 1यू च्या मापाला जुळत नाहीत, 1यू म्हणजे तयार रॅकमधला उंचीचा एक खण, 44.45 मिमी, आणि त्यातली भोकंही सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे स्विच नुसता फळीवर ठेवायचा, त्याला बाजूचे कान (स्क्रूने आवळायच्या पट्ट्या) लावायच्या भानगडीत पडू नका.

वरच्या फळीवर ऑफिसातून निघालेले तीन छोटे पीसी, साधारण 18 सेंमी चौरस आणि साडेतीन सेंमी जाड, पुस्तकांसारखे उभे. मधल्या दोन फळ्यांवर बिनकॅबिनेटचे दोन जुने एटीएक्स बोर्ड (मोठ्या पीसीचे मदरबोर्ड), फळीला भोकं पाडून पितळी स्टँडऑफवर (उंची देणाऱ्या छोट्या खुंट्यांवर) बसवलेले, पॉवर सप्लाय शेजारी अँगललाच स्क्रूने आवळलेले. हार्ड डिस्कखाली रबर पाहिजेच, नाहीतर पातळ पत्र्याची फळी रात्रभर घूं घूं करते. सगळ्यात खाली यूपीएस, कारण वजन खाली असलं की रॅक हलत नाही.

धुळीबद्दल माझं मत मधल्या काळात पूर्ण बदललं. आमच्या समोर बांधकाम चालू आहे, सुरुवातीला बोर्डांवर पांढरा थर बघून वाटायचं हे उघडं प्रकरण चुकीचं, कॅबिनेटच बरी. पण कॅबिनेटमध्ये धूळ जात नाही असं नाही, दिसत नाही एवढंच, आणि साफ करायची तर केबला काढा, पॅनल उघडा. इथे पीसी बंद केले, पंख्याची पाती बोटाने धरली, ब्लोअर मारला, काम झालं. महिन्यातून एकदा करते आणि प्रोसेसरचं तापमान उन्हाळ्यातही कधी काळजी करण्यासारखं गेलं नाही. पालींसाठी मागच्या बाजूला मच्छरजाळी वेल्क्रोने लावलीय, पुढून लावली नाही कारण हवा अडते.

विजेचं पण बघा. वॉट मीटर लावून मोजलं, तीन छोटे पीसी रिकामे बसलेले असताना प्रत्येकी 10 वॉटच्या आसपास, दोन मोठे मिळून 100 च्या वर. म्हणजे सगळं 24 तास चालू ठेवलं तर महिन्याला 90-95 युनिट नुसते रॅकचे! महावितरणचा दर 100 युनिटनंतर चढतो आणि 300 नंतर अजून, त्यामुळे आता मोठे दोन फक्त बॅकअपच्या वेळी नेटवर्कवरून उठवते आणि काम झालं की झोपवते. फोटो, फाइल्स, घरची वायफाय, सगळं छोट्यांवर मजेत चालतं.

आता अर्थिंग. प्रत्येक पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीकडे छोटे कपॅसिटर असतात, विजेतला गोंगाट गाळायला, आणि त्यातून अगदी थोडा करंट अर्थकडे जात असतो, मिलीअँपचा काही भाग. अर्थ जागेवर असेल तर कळतही नाही. अर्थच नसेल तर बॉडी साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. एकटा पीसी असताना मुंग्या इतक्या कमी की लक्ष जात नाही, पण माझ्या रॅकमध्ये सगळ्यांच्या बॉड्या एकाच लोखंडाला जोडलेल्या, सगळ्यांची गळती एकत्र. मुंग्या हे तर कमीच, उद्या एखादा सप्लाय आतून शॉर्ट झाला असता तर आख्खा सांगाडा 230 व्होल्टवर गेला असता आणि अर्थ नसल्यामुळे एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पडलाच नसता. डीबीत (घराच्या मुख्य वीजपेटीत) 30 मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे पण अर्थ नसताना तीही कोणीतरी हात लावून शॉक खाल्ल्यावरच पडणार.

बिल्डरच्या माणसाला बोलावलं तर म्हणतो, "मॅडम, कॉम्प्युटरला एवढं असतंच, खाली रबर मॅट टाका." यूपीएसच्या सर्व्हिसवाल्यानेही तेच ऐकवलं. मॅट टाकून अर्थ येतो का? शेवटी आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने स्विचबोर्ड उघडला तर आत हिरवी वायर दुमडून, टेप गुंडाळून ठेवलेली, सॉकेटच्या अर्थ पिनला जोडलेलीच नाही. ताबा देताना सगळी तपासणी झाल्याचा कागद आहे माझ्याकडे. जोडल्यावर फेज ते अर्थ मीटरवर सरळ 230 आले, आधी आकडा नुसता नाचत होता.

त्यानंतर रॅकलाही वेगळी अर्थ दिली, आणि हे तुम्ही पहिल्या दिवशीच करा. पावडर कोटिंग हे इन्सुलेशन आहे, बोल्ट आवळला म्हणजे फळी अँगलला विजेच्या दृष्टीने जोडली गेली असं धरू नका. प्रत्येक फळीचा आणि चारही उभ्या अँगलचा एकेक कोपरा पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, दातीचा वॉशर, थिंबल (वायरच्या टोकाला दाबायची धातूची टोपी), आणि अडीच एमएमची हिरवी वायर सगळीकडून फिरवून सॉकेटच्या अर्थला. घासलेल्या जागी जोडणीनंतर वरून थोडा रंग, गंज धरू नये म्हणून. सामान दीडशे रुपयांचं सुद्धा नाही. मग एकेका फळीपासून अर्थ पिनपर्यंत मीटरने कंटिन्युइटी (जोडणी सलग आहे का ते) बघितली, सगळीकडे बीप. टेस्टर आता कुठेच पेटत नाही. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डही उघडून बघा, कितीतरी बोर्डांत तीन भोकं असतात आणि आत अर्थची पट्टीच नसते.

रॅक म्हणून विचाराल तर मी परत हाच बांधीन, याच अँगलचा, फक्त फळ्या 18 इंची घेईन कारण मागे केबला वळायला जागा कमी पडते. पण बिल्डरला सोडलेलं नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये मीटर लावला तर त्यांच्या हॉलमध्येही अर्थ नाही, वरच्या मजल्यावरही तेच निघालं, त्यामुळे आता सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र गेलंय, प्रत्येक फ्लॅटची अर्थिंग त्यांच्या खर्चाने तपासून द्या म्हणून, आणि माझ्या इलेक्ट्रिशियनचं बिलही त्याला जोडलंय.