गॅलरीचा सांगाडा: रंगवलेला की जस्तात बुडवलेला?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पावसाळी पट्ट्यात मैदानाशेजारी प्रेक्षकांसाठी लोखंडी गॅलरी उभारायची असेल, तर प्रश्न शेवटी एवढाच उरतो की साध्या लोखंडावर रेड ऑक्साइडचे गंजरोधक अस्तर आणि ऑइलपेंट द्यावा, की तयार भाग वितळलेल्या जस्तात बुडवून आणावेत. आमच्या मंडळाची जुनी गॅलरी रंगवलेली आहे आणि नंतरची जस्ताची, त्यामुळे दोन्हींचा अनुभव गाठीशी आहे.

रंगवलेले काम स्वस्त पडते, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कोणताही फॅब्रिकेटर ते करून देतो आणि ऐनवेळी जागेवर कापता-जोडता येते. अथणी, रायबागकडे पाऊस बेताचा असल्याने तिथे कोणी हाच पर्याय निवडला, तर मी विरोध करणार नाही.

आमच्याकडे मात्र रंगवण्याला वेळच सापडत नाही. जूनपासून लोखंड ओले असते, ओल्या लोखंडावर रंग धरत नाही, आणि ते वाळून खरवडायला हाती येते तोवर दिवाळीनंतरच्या कबड्डी-कुस्तीच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या असतात. मे महिन्यात रंगवावे, तर तोच रंग पुढच्या पावसात सांध्यांपाशी फुगतो. पायऱ्यांखाली दोन अँगल भिडतात त्या फटीत आणि पाइपाच्या आत ब्रश पोहोचतच नाही, म्हणून वरून गॅलरी नवी दिसत असताना गंज आतून आपले काम करीत राहतो. लोक ज्यावर बसणार आहेत, त्या सांगाड्याविषयी अशी धाकधूक दरवर्षी बाळगणे मला पटले नाही.

सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या जस्तात बुडवलेल्या भागाला आतून-बाहेरून लेप बसतो. भारतीय मानकानुसार 5 मिलिमीटर व त्याहून जाड पोलादावर तो प्रति चौरस मीटर किमान 610 ग्रॅम, म्हणजे साधारण 85 मायक्रॉन असावा लागतो. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते, लोखंड वाचते.

यासाठी शिस्त मात्र हवी. भोके आणि वेल्डिंग बुडवण्यापूर्वीच उरकावे, भागांची लांबी टाकीत मावेल एवढीच ठेवावी आणि जागेवर नटबोल्टनेच जोडणी करावी. बंद पाइपांना हवा जाण्यासाठी भोके ठेवणे अनिवार्य आहे, अन्यथा अडकलेल्या हवेच्या आणि वाफेच्या दाबाने टाकीत स्फोट होऊ शकतो. बाजारातील तयार जीआय (आधीच जस्ताचा लेप दिलेले) पाइप आणून वेल्डिंग केले, तर नेमके सांध्यावरचे जस्त जळते, म्हणून तो मधला मार्ग मी सुचवणार नाही. आलेला माल पावसात एकावर एक रचून ठेवू नये, त्यावर पांढरी भुकटी धरते.

पहिला खर्च निश्चितच जास्त आहे. निधी अपुरा असल्यास खांब आणि पायऱ्यांखालचा सांगाडा तरी जस्तात बुडवून घ्यावा. पुढच्या कठड्याला रंग चालेल, कारण तो हाताशी असतो आणि त्यावरचा गंज दिसतो.