मोठ्या कॉन्फरन्सचं आमंत्रण: एसएमयूची वाट की यूकॉनची?

रणजी करंडकात प्लेट गटातला संघ चांगला खेळला की एलिटमध्ये चढतो. अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांमध्ये तसं नाही. तिथं कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपसात केलेली संघटना. टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे, आलेले पैसे वाटून घ्यायचे, आणि नवा भिडू घ्यायचा तो बोलावून. त्यामुळे मधल्या फळीतल्या विद्यापीठाला वर जायचं असेल तर मैदानाआधी व्यवहार जमावा लागतो. तुम्ही तिथल्या फॅकल्टी सिनेटवर असा, माजी विद्यार्थी म्हणून देणगीचं पत्र हातात असो, किंवा तुमचं लेकरू तिथं फी भरत असो, हा व्यवहार कधीतरी तुमच्यापर्यंत येतोच. त्यासाठी दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत: एक वर गेलं, दुसरं उलट्या दिशेनं.

डॅलसचं सदर्न मेथडिस्ट, म्हणजे एसएमयू, जुलै 2024 मध्ये मधल्या फळीतली अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स सोडून एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) या बड्या कॉन्फरन्समध्ये गेलं. अट ऐकून भलेभले चक्रावले होते: एसीसीच्या टीव्हीच्या पैशातला वाटा नऊ वर्षं घ्यायचा नाही. जुन्या कॉन्फरन्समध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या करारातून विद्यापीठामागे वर्षाला साधारण 70 लाख डॉलर येत होते. म्हणजे नऊ वर्षांत सहा कोटींहून जास्त डॉलरवर पाणी, वर जुनं घर सोडण्याचा दंड वेगळा. पण आमंत्रण आल्यावर एका आठवड्यात देणगीदारांनी 10 कोटी डॉलर उभे केले. डॅलसमधला तेलाचा आणि जमिनीचा पैसा पाठीशी होता आणि 1987ची जखमही होती. खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल त्या वर्षी एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेनं त्यांचा फुटबॉल (इथं सगळीकडे अमेरिकन फुटबॉल) हंगामच रद्द केला होता. ती पत परत मिळवायला माणसं वाट्टेल ते मोजायला तयार होती. पहिल्याच हंगामात एसीसीतले आठही साखळी सामने जिंकून एसएमयू बारा संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोचलं. तिथं पेन स्टेटनं 38-10 असं धुतलं, पण दाखला मिळाला.

लोक या गोष्टीचा एवढाच भाग सांगतात. माझ्या मते खरी मेख पुढे आहे. एसएमयूची बिनपैशाची वर्षं 2033 मध्ये संपतात. एसीसीतल्याच फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या बड्या विद्यापीठांशी 2025 मध्ये झालेल्या तडजोडीनुसार एसीसी सोडण्याचा दंड दरवर्षी कमी होत 2030-31 पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर येतो. म्हणजे एसएमयूच्या पानात वाढायची वेळ येईपर्यंत पंगतीतली बडी मंडळी उठून गेलेली असू शकतात. एसएमयू खासगी आणि श्रीमंत आहे, ते हा जुगार पचवेल. बाकीच्यांचं काय?

कनेक्टिकटचं सरकारी विद्यापीठ यूकॉन त्याच अमेरिकन कॉन्फरन्समध्ये होतं. फुटबॉलसाठी तिथं राहायचं, आणि त्यापायी बास्केटबॉलचा संघ टल्सा, ईस्ट कॅरोलायना असा लांबलांब फिरवायचा. खेळ विभागाचा वार्षिक तोटा चार कोटी डॉलरच्या पुढे गेला, तो विद्यापीठानं भरला. 2019 मध्ये त्यांनी ठरवलं, पुरे. 1 कोटी 70 लाख डॉलर दंड भरून 2020 मध्ये ते बिग ईस्टमध्ये परतले. ही फुटबॉल नसलेली कॉन्फरन्स. व्हिलानोव्हा, प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स हे शेजारी, वर्षअखेरची स्पर्धा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. फुटबॉल संघ कुठल्याही कॉन्फरन्सशिवाय एकटा खेळू लागला. त्याच वर्षी चार खेळ बंद करायचं ठरलं. त्यातलं महिलांचं नौकानयन खेळाडू कोर्टात गेल्यावर परत आलं. पुढे बास्केटबॉलमध्ये पुरुषांनी 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली, महिलांनी 2025 मध्ये एक. तोटा मात्र मिटलेला नाही, आणि 2024 मध्ये याच यूकॉननं बिग 12 या बड्या फुटबॉल कॉन्फरन्सचं दारही ठोठावून पाहिलं. बोलणी फिसकटली.

यूकॉनच्या निर्णयाला माघार म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. आपण कशात चांगले आहोत ते ओळखून त्यांनी पैसा तिथं लावला. एसएमयूनं फुटबॉलच्या गावात फुटबॉलवर लावला. दोघांचं बरोबर आहे, पण एसएमयूची नक्कल करायला एसएमयूचे देणगीदार लागतात.

ते नसतील तर खड्डा भरायला दोनच खिसे उरतात: विद्यापीठाचा सर्वसाधारण निधी आणि विद्यार्थी. व्हर्जिनियातलं जेम्स मॅडिसन 2022 मध्ये एक पायरी चढून सन बेल्ट या कॉन्फरन्समध्ये आलं आणि मैदानावर जोरात चाललं, पण त्या खेळांचा मोठा भार विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या फीवर आहे. पुण्याहून मास्टर्सला गेलेली, आयुष्यात एकही टचडाऊन न पाहिलेली मुलंसुद्धा अनेक विद्यापीठांत अशी फी भरतात. फीच्या पावतीतली ती ओळ एकदा वाचून बघा.

वरच्या घरी गेल्यावर पैसा आपोआप येतो, हेही खरं नाही. न्यू जर्सीचं रटगर्स विद्यापीठ 2014 मध्ये बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेलं. पूर्ण वाटा मिळायला बरीच वर्षं लागली आणि मधल्या काळात कर्ज काढावं लागलं. त्यांच्यासोबत गेलेल्या मेरीलँडनं एसीसीला 3 कोटी 10 लाख डॉलरच्या वर मोजले. तेही त्याआधी, 2012 मध्ये, पैशांअभावी सात खेळ बंद केलेले असताना. आणि ती बिग टेन होती, सगळ्यांत श्रीमंतांपैकी एक. एनसीएएच्याच हिशेबानुसार 2019 मध्ये फुटबॉलच्या वरच्या विभागातल्या फक्त 25 विद्यापीठांची स्वतःची कमाई खर्चापेक्षा जास्त होती. तेव्हाच्या पाच बड्या कॉन्फरन्सच्या बाहेरचं त्यात एकही नव्हतं.

त्यात जुलै 2025 पासून नवा खर्च आला. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या ‘हाऊस’ खटल्यातल्या तडजोडीमुळे विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, 2025-26 साठी मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. सक्ती नाही. पण वरच्या कॉन्फरन्समध्ये जाऊन शेजारी देतात तेवढं दिलं नाही, तर हरण्यासाठीच गेल्यासारखं होईल. प्रवास, प्रशिक्षकांचे पगार, महिला खेळांना टायटल नाइन कायद्यानुसार द्यायची समान संधी, हे सगळं यापुढचं.

तेव्हा कुणी काय करावं? कागदावर सही केलेल्या देणग्या पहिल्या दहा वर्षांचा खड्डा भरत असतील, आणि गाव मोठं असेल, तर जावं. नुसत्या आश्वासनांवर जाऊ नये. एखाद्याच खेळात नाव असेल तर यूकॉनसारखं त्या खेळाचं घर शोधावं. काहीच नसेल तर आयडाहो बघा: 2018 मध्ये फुटबॉल खालच्या विभागात, बिग स्काय कॉन्फरन्समध्ये नेला, तेव्हा नाक मुरडलं गेलं. पुढे 2022 पासून सलग तीन हंगाम त्यांनी त्या विभागाची प्लेऑफ गाठली.

टेक्सस स्टेटनं जून 2025च्या शेवटच्या दिवशी पॅक-12 या कॉन्फरन्सला होकार दिला, कारण दुसऱ्या दिवसापासून सन बेल्ट सोडण्याचा दंड 50 लाख डॉलरवरून एक कोटी डॉलर होणार होता. मेम्फिसनं त्याच उन्हाळ्यात बिग 12पुढे 20 कोटी डॉलरच्या घरातला प्रस्ताव ठेवल्याच्या बातम्या आल्या. उत्तर नकाराचं आलं.