पिल्लाचं चावणं: आधी जोर कमी करायचा, की दात लावणंच बंद?

घरात कुत्र्याचं नवीन पिल्लू आलं की हातापायांवर ओरखडे उमटतात आणि सल्ले दोन बाजूंनी येतात. एक म्हणतो, कातडीला दात लागला की खेळ बंद, अगदी पहिल्या दिवसापासून. दुसरा म्हणतो, आधी हळू चावायला शिकवा, चावणं नंतर थांबवा. दोन्ही मार्ग मारल्याशिवाय जमतात आणि दोन्हींनी चावणं थांबतं. पण मधल्या काळात पिल्लू काय शिकतं आणि घरच्यांना किती सोसावं लागतं, यात बराच फरक पडतो.

टप्प्याटप्प्याचा मार्ग पशुवैद्य इयान डनबार यांनी आग्रहाने मांडला. भावंडांशी लुटुपुटीचं भांडण चालू असताना एखादं पिल्लू जोरात चावलं, की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून देतं. त्यातून चावणाऱ्याला आपल्या जबड्याचा जोर कळतो. घरीही तसंच करायचं. हलके दात चालवून घ्यायचे, दुखलं की उठून जायचं, आणि ही मर्यादा आठवड्यागणिक खाली आणायची. शेवटी दात नुसता टेकला तरी खेळ थांबतो. मला या मार्गाचं मोल वाटतं ते पुढच्या आयुष्यासाठी. मोठ्या कुत्र्याच्या शेपटीवर कुणाचा पाय पडला आणि त्याने दचकून तोंड टाकलं, तर जोर आवरायची सवय असलेल्या कुत्र्याकडून खोल जखम होण्याची शक्यता कमी असते.

अडचण अशी की ‘आत्ता दुखलं की नाही’ हे दर वेळी ठरवावं लागतं. लहान मुलाला ते जमत नाही. वडील हातावर चावू देतात आणि मुलीला दात लागला की पिल्लाला ओरडा बसतो, असं झालं तर ते पार गोंधळतं. तिथे सरसकट बंदी बरी, कारण नियम एकच आणि तो सगळ्यांना पाळता येतो.

म्हणून माझं मत असं: पिल्लू 8 ते 12 आठवड्यांचं असेल, घरात मोठी माणसंच असतील आणि त्यांच्याकडे वेळ असेल, तर टप्प्याटप्प्याने जा. घरात लहान मुलं किंवा नाजूक कातडीची म्हातारी माणसं असतील, तर थेट बंदी करा. पिल्लू पाच महिन्यांच्या पुढे गेलं असेल तरीही बंदीच. साधारण चार महिन्यांपासून दुधाचे 28 दात पडू लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 येतात आणि जबड्यातही ताकद येते. तेव्हा हळूहळू शिकवायला सवड उरत नाही.

कुठलाही मार्ग घ्या, चघळायचं खेळणं हाताशी हवंच, कारण दात येताना हिरड्या शिवशिवतात. दात लागला की हात झटक्याने मागे घेऊ नका. पळणाऱ्या हातामागे पिल्लू आणखी जोमाने धावतं. हात स्थिर ठेवा, खेळ थांबवा, अर्धा मिनिट पाठ फिरवा किंवा खोलीबाहेर जा. ‘आई गं’ असं ओरडल्यावर काही पिल्लं थबकतात, काही उलट चेकाळतात. तुमचं चेकाळत असेल तर ओरडणं सोडा. संध्याकाळी सुटलेलं, कशालाच न जुमानणारं पिल्लू बहुतेकदा झोपेला आलेलं असतं. या वयात दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते, तेव्हा त्याला शांत कोपऱ्यात झोपवा.

नाकावर चापट, तोंड दाबून धरणं, उताणं पाडून दाबणं हे कृपा करून करू नका. त्याने पिल्लू हाताला घाबरायला शिकतं, आणि घाबरलेलं कुत्रं खरोखर चावतं.

अंग ताठ करून, खाण्याच्या भांड्यापाशी गुरगुरून चावणारं पिल्लू मात्र खेळत नसतं. तिथे हे दोन्ही मार्ग बाजूला ठेवून पशुवैद्याला दाखवा. आणि रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुऊन रेबीजच्या लसीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.