ट्रेलरवरच्या शिडाच्या बोटीला रोलर फर्लर घ्यावा की हँक-ऑन जिबच ठेवावं?

नवीन बोट घेताना ऑप्शनच्या यादीत फर्लर दिसला की सगळे आधी त्यावरच टिक करतात, आणि खरंय, सोय मोठी आहे, कॉकपिटमध्ये बसून एक दोरी ओढली की पुढचं शीड म्हणजे जिब फोरस्टेभोवती (मास्ट म्हणजे डोलकाठीपासून बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत ताणलेली वायर) गुंडाळलं जातं, वारा अचानक वाढला तर हलत्या डेकवर पुढे जायची गरजच नाही. एकट्याने किंवा लहान मुलांना घेऊन जात असाल तर हे फार महत्त्वाचं.

पण ट्रेलरवाल्या बोटीचा मास्ट दर वेळी चढवायचा-उतरवायचा असतो ना, तिथे खरी गोची आहे. फर्लरची फोरस्टेवर बसणारी लांब अ‍ॅल्युमिनियमची फॉइल (पोकळ पट्टी) मास्ट खाली घेताना कुठे अडकली की वाकते, आणि एकदा वाकली की शीड नीट गुंडाळलं जात नाही. शिवाय मास्टला वजन वाढतं, आणि अर्धवट गुंडाळलेल्या जिबचा आकार बिघडतो, वारा येतो त्या दिशेकडे वर चढताना ते लगेच जाणवतं.

हँक-ऑनमध्ये नुसती वायर आणि शिडाच्या कडेला हुक, बिघडण्यासारखं काही नाहीच, जोराच्या वाऱ्यात छोटं जिब लावता येतं. डाउनहॉल मात्र लावाच. जिबच्या वरच्या टोकाला बारीक दोरी बांधायची, ती खाली बोटीच्या पुढच्या टोकाच्या पुलीतून फिरवून कॉकपिटपर्यंत आणायची, हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) सोडून ती ओढली की शीड डेकवर खाली येतं, खर्च फर्लरच्या मानाने किरकोळ.

बोट सीझनभर पाण्यातच राहणार असेल तर फर्लर बिनधास्त घ्या. दर वेळी रॅम्पवर मास्ट उभा करणार असाल तर माझं मत हँक-ऑन आणि डाउनहॉललाच, उरलेले पैसे मास्ट उचलायच्या जिन-पोलवर घाला.