ग्लॉक १७ जेन ५: नव्या मॅगझिनमधला पहिला राउंड चढवताना

ग्लॉक १७ या पिस्तुलाबद्दल लिहिताना बहुतेकजण नेम, ट्रिगरचा ओढा आणि टिकाऊपणा यांवरच थांबतात. इथे एकच गोष्ट पाहिली आहे: शेवटची गोळी सुटली, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, पुढे-मागे सरकणारा भाग) मागे अडकली, नवे मॅगझिन आत गेले, आता पहिला राउंड (काडतूस) चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, चढवताना हे पिस्तूल किती साथ देते? २०१७ मध्ये आलेले जेन ५, म्हणजे पाचवी पिढी, याबाबत आधीच्या पिढ्यांपेक्षा नक्कीच पुढे आहे. मॅगझिनची विहीर (ग्रिपमधली मॅगझिन बसण्याची पोकळी) तोंडाशी थोडी पसरट केली आहे, त्यामुळे मॅगझिन काठावर अडखळत नाही. स्लाइड मागे अडकवून ठेवणारा स्लाइड स्टॉपचा खटका आता दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे डावखुऱ्यांनाही तो अंगठ्याखाली मिळतो. मात्र खटका पूर्वीसारखाच छोटा आणि चपटा आहे, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

मॅगझिन रिकामे झाले की आतला नारिंगी फॉलोअर (काडतुसांना खालून वर ढकलणारा तुकडा) वर येतो आणि खटक्याच्या आतल्या टोकाला वर ढकलतो. खटका स्लाइडच्या खाचेत शिरतो आणि स्लाइड मागे थांबते. रिकामे मॅगझिन आत असताना खटका दाबून पाहा, तो हलता हलत नाही, कारण फॉलोअर त्याला खालून रेटत असतो. हा बिघाड नव्हे. भरलेले मॅगझिन बसले की तो रेटा जातो आणि खटका सुटायला तयार होतो.

पहिली पद्धत खटक्याची. उजव्या हाताने चालवणाऱ्याचा डावा हात मॅगझिन ठोकून पुन्हा ग्रिपवर येतच असतो. वाटेत त्याच हाताच्या अंगठ्याने खटका सरळ खाली दाबायचा. हाताची वेगळी हालचाल लागत नाही, म्हणून या पिस्तुलावर हीच सर्वांत वेगवान पद्धत आहे. चूक होते ती घाईची. मॅगझिन पुरते बसण्याआधी खटका दाबला, तर स्लाइड वरच्या काडतुसाच्या डोक्यावरून नुसतीच पुढे जाते, चेंबर रिकामे राहते आणि पुढच्या वेळी फक्त टक् असा आवाज येतो. म्हणून मॅगझिनच्या तळावर तळहाताने जोरकस ठोका, मग खटका. जाड हातमोजे असतील किंवा हात घामाने ओले असतील तर अंगठा या चपट्या खटक्यावरून सटकतो, हे मान्य करायलाच हवे. खटक्याने खाच झिजते अशी भीती बरेचजण घालतात. खटका दाबून काढलेल्या पत्र्याचा आणि स्वस्तात बदलता येणारा भाग आहे. स्लाइडचे पोलाद कितीतरी कठीण असते. त्या भीतीपायी ही पद्धत सोडू नये.

दुसरी पद्धत वरून पकडायची. डावा तळहात स्लाइडवर पकडीसाठी कोरलेल्या मागच्या खाचांवर, इजेक्शन पोर्टच्या (रिकामी केस बाहेर पडण्याच्या खिडकीच्या) मागे ठेवायचा, चारही बोटे एका बाजूला आणि तळव्याची कड दुसऱ्या बाजूला. मग उजव्या हाताने पिस्तूल पुढे रेटत स्लाइड शेवटपर्यंत मागे खेचायची आणि हात झटकन सोडून द्यायचा. जेन ५ मध्ये स्प्रिंगमध्ये स्प्रिंग अशी दुहेरी जोडणी आहे. नुसते खेचण्यापेक्षा ही ढकल-खेच कमी ताकदीच्या हातांनाही जमते. अडकलेली स्लाइड पूर्ण मागे नसते, ती काही मिलिमीटर पुढे थांबलेली असते. खेचल्यावर तेवढा जादा प्रवास मिळतो, त्यामुळे राउंड अधिक जोराने चढतो.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे हात स्लाइडबरोबर पुढे नेणे. बोटांच्या घर्षणाने तिचा वेग मरतो, राउंड अर्धवट शिरतो आणि मागून पाहिले तर स्लाइड चौकटीच्या पुढे-मागे नीट जुळलेली दिसत नाही. दोन-तीन मिलिमीटरची फट राहते. अशा स्थितीत ट्रिगर दाबून उपयोग नसतो. ट्रिगरवरचे बोट बाहेर ठेवून मागून तळव्याने थाप मारली की बहुधा ती बंद होते. नाही झाली तर पुन्हा रॅक करा, म्हणजे स्लाइड मागे खेचून सोडा. दुसरी चूक मझलच्या, म्हणजे नळीच्या तोंडाच्या, दिशेची. जोर लावायला पिस्तूल आडवे वळवले की मझल नेमबाजीच्या शेजारच्या लेनकडे फिरते. पिस्तूल हनुवटीच्या खाली, छातीसमोर आणून कोपर बाहेर काढा, लागल्यास शरीर वळवा, पण मझल लक्ष्याकडेच राहू द्या. इजेक्शन पोर्टवर हात येऊ देऊ नका. तळहात चिमटतो आणि बाहेर पडणारे काडतूस परत आत अडकते.

अंगठा आणि तर्जनीने मागून गलोलीसारखे खेचणे ही तिसरी पद्धत. सोपी दिसते, पण पकड दोनच बोटांची, आणि या स्प्रिंगला ती पुरत नाही. स्लाइडवर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारे उपकरण) बसवलेला असेल तर मात्र ती कामी येते, कारण वरून पकडताना तो आडवा येतो. पुढच्या खाचा असलेला प्रकार घेतला तरी त्या खाचा चेंबर तपासायलाच वापरा. रीलोडसाठी हात मझलजवळ नेण्याचे कारण नाही.

स्लाइड बंद असताना सतरा राउंडचे भरलेले मॅगझिन बसवायचे असेल तर दाबाला कमी पडू नका. वरचे काडतूस स्लाइडला टेकते आणि मॅगझिन अर्ध्यात लटकते. उलट स्लाइड मागे अडकलेली असताना जोरात ठोकल्यावर कधीकधी ती आपोआप पुढे जाते. त्यावर विसंबू नका. एखादे काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून स्लाइड सोडणेही टाळा. एक्स्ट्रॅक्टर (केस चेंबरमधून ओढून काढणारा हुक) काडतुसाची कड खालून वर सरकत पकडतो, तसे न होता उडी मारून पकडावे लागले तर तो हुक हळूहळू झिजतो. तेच काडतूस वारंवार चढवले-उतरवले तर गोळी केसमध्ये आत दबते आणि दाब वाढतो. अशी काडतुसे बाजूला काढा.

अंधारात तपासायचे तर बोट एक्स्ट्रॅक्टरवर फिरवा: राउंड चढला असेल तर त्याचे टोक किंचित बाहेर आलेले लागते. हा जेन ५ मध्येही असलेला सुंदर तपशील आहे. सराव डमी (बारूद नसलेल्या) राउंडवर करा आणि खरी काडतुसे खोलीबाहेर ठेवा. मोठा खटका बसवायचा विचार असेल, तर आधी तुमची पकड पाहा. अंगठा त्यावर विसावत असेल तर शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकतच नाही, आणि छोट्या खटक्याबद्दलची तक्रार तुम्हीच मागे घ्याल.