रोझडेलच्या रूळ नसलेल्या रेल्वेवर ग्रॅव्हल सायकल

इंग्लंडच्या ईशान्येकडील नॉर्थ यॉर्क मूर्स राष्ट्रीय उद्यानात ग्रॅव्हल सायकलसाठी, म्हणजे खडी-मुरमाच्या कच्च्या वाटांवर चालणाऱ्या रुंद टायरच्या सायकलसाठी, वाटा पुष्कळ आहेत. पण पहिल्यांदाच येणाऱ्याला त्यांतली एकच सुचवायची झाली, तर मी रोझडेल नावाच्या दरीतील लोहखनिजाच्या खाणींकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेचा मार्ग सुचवेन. मूर म्हणजे तीनशे-चारशे मीटर उंचीवरचे, जवळजवळ झाड नसलेले आणि वाऱ्याला सर्व बाजूंनी उघडे पठार. तिथल्या बहुतेक वाटा मेंढ्यांच्या, घोड्यांच्या किंवा शिकारी मंडळींच्या जीपगाड्यांच्या वहिवाटीने पडल्या आहेत, त्यामुळे त्या मनाला येईल तशा चढतात, उतरतात आणि मधूनच काळ्या दलदलीत शिरतात. ही वाट मात्र वाफेच्या इंजिनासाठी आखली गेली होती. खनिजाने भरलेले डबे ओढणाऱ्या इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून आखणी करणाऱ्यांनी दऱ्यांच्या माथ्याभोवती समान उंची धरून ती वळवत नेली, आणि त्यांच्या त्या काटकसरीचा लाभ आज सायकलस्वाराला मिळतो.

रोझडेलमध्ये १८५६ पासून लोहखनिज काढले जाऊ लागले आणि ते डरहॅम परगण्यातील भट्ट्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी १८६१ मध्ये हा रेल्वेमार्ग सुरू झाला; दरीच्या पूर्वेकडील फाटा १८६५ मध्ये जोडला गेला. पठारावर मार्ग सपाट असला, तरी खालच्या मैदानातून पठारावर चढण्याचा प्रश्न होताच, आणि तो इंग्लबी इन्क्लाइन नावाच्या सरळसोट उतारावर दोरखंडाने सोडवला गेला. भरलेले डबे खाली उतरताना त्यांच्याच वजनाने रिकामे डबे वर ओढले जात. या उताराचे प्रमाण काही ठिकाणी पाचास एक आहे, म्हणजे पाच मीटर पुढे गेले की एक मीटर चढ. १८६३ मध्ये खुला झालेला आपला बोरघाटाचा रेल्वेमार्ग जास्तीत जास्त सदतीसास एक एवढाच चढतो आणि तरीही तो त्या काळी धाडसाचा मानला गेला, हे लक्षात घेतले म्हणजे इंग्लबीच्या उतारावर इंजिन का चालू शकत नव्हते हे वेगळे सांगावे लागत नाही. १९२६ मध्ये खाणी थांबल्या, १९२९ मध्ये रेल्वे बंद झाली, रूळ उचलले गेले, आणि मागे राहिली ती राख, खडी आणि मुरूम यांची एक रुंद पट्टी.

या मार्गाचा सर्वांत चांगला भाग ब्लेकी रिजपासून ब्लोवर्थ क्रॉसिंगपर्यंतचा, सुमारे नऊ किलोमीटरचा आहे. डावीकडे फार्नडेलची दरी खोल पसरलेली असते. तळाशी दगडी कुंपणांनी आखलेली हिरवी शेते आणि लाल कौलांची तुरळक घरे दिसतात, तर उजवीकडे हेदरची झुडुपे थेट क्षितिजापर्यंत जातात. दरीला जिथे जिथे ओहोळांनी कापले आहे तिथे रेल्वे आत वळते, भरावावरून ओहोळ ओलांडते आणि पुन्हा बाहेर येते, त्यामुळे अर्ध्या तासापूर्वी आपण जिथे होतो ती जागा समोरच्या उतारावर एका बारीक रेघेसारखी दिसत राहते. पायांना चढ जाणवत नाही. एका लयीत पायडल मारत राहावे, नजर वर ठेवावी आणि वाऱ्याची दिशा सांभाळावी, एवढेच काम उरते, आणि मूरवर सायकल चालवताना ही सवड क्वचितच मिळते.

पृष्ठभागाबद्दल मात्र कोणी फसू नये. दुरून गुळगुळीत दिसणारी ही पट्टी सगळीकडे सारखी नाही: कुठे इंजिनांच्या राखेचा घट्ट थर आहे आणि त्यावर सायकल डांबरी रस्त्यासारखी पळते, कुठे मुठीएवढे दगड वर आले आहेत, तर जिथे मार्ग टेकडी कापून जातो तिथे पाण्याचा निचरा होत नसल्याने पावसानंतर लांबलचक डबकी साचतात आणि त्यांचा तळ दिसत नाही. खाली वळलेले ड्रॉप हँडल, डिस्क ब्रेक आणि चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर असलेली सायकल येथे अगदी योग्य ठरते. मला भाड्याने मिळालेल्या सायकलीला याहून अरुंद आणि जवळजवळ गुळगुळीत टायर बसवलेले होते. दुकानदाराच्या मते ‘ग्रॅव्हल’ हा शब्द चौकटीवर लिहिलेला असणे पुरेसे होते. दगडांच्या पट्ट्यांवर त्याचा हिशेब मनगटांनी चुकता केला. भाड्याने सायकल घेणाऱ्याने टायरची रुंदी आधी विचारून घ्यावी. सस्पेन्शनच्या माउंटन बाइकची येथे गरज नाही, आणि उलट बाजूने पाहता, ज्यांना उड्या, अवघड वळणे आणि दगडी पायऱ्या हव्या असतात त्यांना हा मार्ग तासाभरात कंटाळवाणा वाटेल. ती तक्रार खोटी नाही, फक्त ती वेगळ्या प्रकारच्या सायकलस्वाराची आहे.

ब्लोवर्थ क्रॉसिंग येथे रडलंड रिग नावाचा जुना रस्ता रेल्वेला आडवा जातो. इथून जवळच राउंड हिल हा ४५४ मीटर उंचीचा या उद्यानातील सर्वोच्च माथा आहे, पण त्याचे रूप इतके साधे आहे की नकाशात पाहिल्याशिवाय त्याचे महत्त्व कळू नये. पुढे गेल्यास इन्क्लाइनचा माथा येतो. तिथून खालचे मैदान एकदम उघडे पडते. उतारावरून सायकल खाली नेता येते, मात्र सैल दगड आणि तो कोन पाहता चांगले ब्रेक असलेल्यानेच ते मनावर घ्यावे. खालून वर येणाऱ्याने सायकल ढकलावी लागणार हे गृहीतच धरावे.

ब्लेकीपासून दुसऱ्या दिशेला, रोझडेलच्या पश्चिम अंगाने बँक टॉपपर्यंत जाणारा सहा-सात किलोमीटरचा भाग बरेच जण वगळतात, आणि माझ्या मते ते योग्य नाही. बँक टॉपला खनिज भाजण्याच्या भट्ट्यांच्या दगडी कमानी उभ्या आहेत. खनिज भाजले की त्यातील पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाई आणि वाहतुकीचे वजन कमी होई. म्हणजे आपण ज्या सपाट वाटेवरून आलो तिच्यामागचे अर्थशास्त्र या कमानींत समजते. पलीकडच्या उतारावर पूर्वेकडील भट्ट्यांची लांब रांगही दिसते. १८५१ मध्ये या दरीत सहाशेहूनही कमी लोक राहत होते आणि वीस वर्षांत ती संख्या अडीच हजारांच्या पुढे गेली, हे आजची शांतता पाहून खरे वाटत नाही. बँक टॉपवरून रोझडेल अ‍ॅबी गावात उतरणारा चिमनी बँकचा डांबरी रस्ता तीनास एक इतका तीव्र आहे. गावात चहासाठी उतरण्याचा मोह होतो, पण परतीचा चढ आठवून मी तो आवरावा असेच सांगेन.

खाण्यापिण्याची सोय म्हणाल तर संपूर्ण मार्गावर ब्लेकी रिजवरील लायन इन हे एकच ठिकाण आहे. सुमारे चारशे मीटर उंचीवरची ही जुनी पांथशाळा कोस्ट टू कोस्ट पदयात्रेच्या वाटेवर असल्याने चिखलाने माखलेल्या माणसांची तिथे कोणाला नवलाई वाटत नाही. बाकी वाटेवर नळ, झाड, छप्पर यांपैकी काहीही नाही. मोबाइलचे नेटवर्क अधूनमधून जाते, पाट्या मोजक्या आहेत आणि ढग खाली उतरले की पन्नास पावलांपुढचे दिसत नाही. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल २६ हा कागदी नकाशा पिशवीत असलेला बरा.

नकाशा आणखी एका कारणासाठी लागतो. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने सायकलला ब्रायडलवेवर, म्हणजे घोड्यांसाठीच्या हक्काच्या वाटांवर जाता येते, मात्र तिथे पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यावी लागते. पदपथांवर तो हक्क नाही. २००० च्या कायद्याने मोकळ्या मूरवर फिरण्याची मुभा दिली, ती पायी फिरणाऱ्यांना. त्यामुळे रेल्वेपट्टीवरून फुटणाऱ्या आणि अतिशय मोहक दिसणाऱ्या कित्येक वाटा खासगी शिकारक्षेत्रांच्या आहेत व त्यांवर सायकल घालणे बेकायदेशीर ठरू शकते. स्कॉटलंडमध्ये फिरून आलेल्यांना ही बंधने जाचक वाटतील. तिथे २००३ च्या कायद्याने जबाबदारीने फिरणाऱ्या सायकलस्वारालाही मोकळीक आहे, आणि ती व्यवस्था मला अधिक शहाणपणाची वाटते.

येण्याचा हंगाम ऑगस्टचा. त्या महिन्यात हेदर फुलते आणि पठार जांभळे होते. हे जांभळे पठार निसर्गाने एकट्याने घडवलेले नाही, हेही सांगायला हवे: मेंढ्यांची चराई आणि ग्राउस पक्ष्यांसाठी थोड्या थोड्या पट्ट्यांत लावली जाणारी आग यांमुळे झाडे वाढत नाहीत व हेदर टिकते. उतारांवर दिसणारे गडद-फिकट ठिगळ त्याचेच. त्याच ग्राउसची शिकार १२ ऑगस्टला सुरू होते, म्हणून ऐन बहरात एखाद्या दिवशी बंदुकांचे आवाज ऐकू येतात आणि रखवालदार थोडे थांबायला सांगतात; थांबावे. मार्च ते जुलै हा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा काळ आहे. तेव्हा कर्ल्यूची लांब शीळ आणि आपल्या टिटवीच्या कुळातील लॅपविंगची ओरड सोबत करते, पण या काळात सायकल पट्टीच्या बाहेर अजिबात जाऊ देऊ नये. हिवाळ्याची शिफारस मी करणार नाही.

गाडीने येणाऱ्याने ब्लेकीला थांबून दोन्ही दिशांचे तुकडे जाऊन-येऊन करावेत. एका दिवसाला तीस किलोमीटरहून थोडे अधिक अंतर होते आणि सवयीच्या सायकलस्वाराला ते मुळीच जड नाही. रेल्वेने यायचे असल्यास मिडल्सब्रो ते व्हिटबी या एस्क व्हॅली मार्गावरील बॅटर्सबी स्थानकावर उतरावे. खाणींचे डबे याच ठिकाणी मुख्य मार्गाला मिळत, आणि तिथून इंग्लबीच्या पायथ्यापर्यंतची वाट सोपी आहे. मात्र दिवसभरात गाड्या थोड्याच असतात, आणि एका गाडीत दोनच सायकलींना जागा असते, तीही आधी येणाऱ्याला. तेव्हा तिघांनी मिळून निघायचे असेल तर रेल्वेचा विचार सोडून द्यावा.