तीन कप्प्यांचा ग्लास रिमर: चार महिन्यांच्या वापरानंतर

कॉकटेलच्या ग्लासच्या काठाला मीठ किंवा साखर लावण्यासाठी बारमध्ये काळ्या प्लास्टिकचा जो तीन कप्प्यांचा रिमर ठेवलेला असतो, तसाच एक मी घरी आणला, त्याला आता चार महिने झाले. एका कप्प्यात लिंबाचा रस शोषून घेणारा स्पंज, दुसऱ्यात मीठ, तिसऱ्यात साखर, आणि काम झाले की तिन्ही कप्पे एकावर एक मिटून ठेवता येतात. ग्लास उपडा करून आधी स्पंजवर दाबायचा आणि मग मिठात टेकवायचा, एवढीच कृती असल्यामुळे दहा-बारा ग्लास लागोपाठ तयार करायचे असतील, तेव्हा वेळ खरोखरच वाचतो.

अडचण आहे ती या दाबण्यातच. उपडा ग्लास स्पंजमध्ये रुतला की काठ बाहेरून जितका ओला होतो तितकाच आतूनही होतो आणि मीठ दोन्हीकडे चिकटते. आतले मीठ पेय ओतताच त्यात उतरते, आणि टकीला, संत्र्याची लिक्युअर व लिंबाचा रस यांचे मोजून साधलेले प्रमाण पहिल्या घोटाआधीच बिघडून मार्गारिटा खारट होते. काठावरच्या मिठाचे काम वेगळे आहे. ते ओठांना लागते, कडवटपणा थोडा दबवते, आणि किती घ्यायचे हे पिणाऱ्याच्या हातात राहते. ग्रेपफ्रूटच्या रसाच्या ‘सॉल्टी डॉग’ला ते शोभते ते यामुळेच, मिठाचा काठ काढला की हेच पेय ‘ग्रेहाउंड’ म्हणून ओळखले जाते.

स्पंजबद्दल चांगले बोलणे कठीण आहे. रस घातलेला स्पंज मी एकदा तसाच मिटून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर जो आंबूस वास आला, त्यानंतर तो दर वेळी धुऊन पूर्ण वाळवणे हे वेगळेच काम होऊन बसले. शिवाय ओल्या ग्लासवरचे थेंब मिठात पडून गुठळ्या होतात. दोष सगळा रिमरचा नाही, हेही सांगायला हवे: सुरुवातीला मी रोजचे बारीक मीठ भरले होते, ते काठावर दाट बसून असह्य खारट लागे, जाडसर, पापुद्र्यासारखे मीठ भरल्यावर पुष्कळ सुधारणा झाली.

साखरेचा कप्पा मात्र मला आवडला. बारीक दाण्याची साखर लावून ग्लास अर्धा तास सुकू दिला, तर काठावर कडक पापडी धरते. अमेरिकी बारटेंडर जेरी थॉमस यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाककृतींत आढळणाऱ्या ‘क्रस्टा’ या पेयप्रकाराचे नावच या पापडीवरून आलेले आहे. ‘साइडकार’ या ब्रँडीच्या कॉकटेलसाठीही हीच साखर चालते, कारण त्यातल्या लिंबाच्या आंबटपणाला ती सावरते.

सध्या मी स्पंज काढून टाकला आहे. लिंबाची फोड काठाच्या फक्त बाहेरून फिरवायची, ग्लास आडवा धरून मिठाच्या कप्प्यात हलकेच फिरवायचा आणि निम्मा काठ कोरा सोडायचा, म्हणजे ज्याला मीठ नको त्याने त्या बाजूने प्यावे. यासाठी साधी बशीसुद्धा पुरते. रिमरचे दोन कप्पे आता मीठ आणि साखर कोरडी ठेवण्याच्या डब्यांसारखे उपयोगी पडतात.